चाळिशीतील उमेदवारी

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांच्या पोटात जगण्याची एक रीतच दडलेली असते. 'उमेदवारी' हा त्यांपैकी एक. आज आपण तो बहुधा निवडणुकीपुरता वापरतो. परंतु आपल्या वाडवडिलांच्या काळी दफ्तरात, पेढीवर किंवा कारागिराच्या हाताखाली, प्रसंगी बिनपगारी, काम शिकणाऱ्या माणसास उमेदवार म्हणत. ज्याच्यापाशी उमेद आहे तो उमेदवार, इतका सरळ त्याचा अर्थ. दुसरा शब्द 'चाळिशी'. हा शब्द वयाचाही आहे आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचाही. हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे आपणांस सहज वाटतात. मात्र 'चाळिशीतील उमेदवार' असे म्हटले की आपण जरा अवघडून बसतो. शिकण्याचे वय एक आणि कमावण्याचे वय दुसरे, अशी आपली पक्की समजूत आहे. आणि ज्याने वीस वर्षे कमावले त्याने पुन्हा शिकावयास बसावे, तेही हातात पक्कड आणि टेस्टर घेऊन, ही कल्पनाच आपल्या घरांतून अप्रतिष्ठेची मानली जाते. प्रस्तुत लेखात आम्हांस याच अप्रतिष्ठेचा विचार करावयाचा आहे.

लेखणीचा वारसा

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचा इतिहास वाचकांना नव्याने सांगणे न लगे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. सैन्यासोबत सरदार आले, तसेच फडणीस, चिटणीस, कारकून आणि उपाध्येही आले. चिटणीसांची गोठ, फाळके बाजार ही नावे अजूनही त्या वस्तीची साक्ष देतात. तलवारीचे दिवस लवकरच सरले आणि उरली ती लेखणी. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले, तेव्हा दरबारची चाकरी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची निर्मिती होऊन राजधानी भोपाळला गेली, तेव्हा अनेक कचेऱ्याही येथून हलल्या. दोन्ही वेळी आपल्या घराण्यांनी धक्का सोसला आणि नवी वाट शोधली. परंतु नीट पाहिले तर ती वाट एका लेखणीकडून दुसऱ्या लेखणीकडे जाणारी होती. दरबारचा कारकून सरकारचा कारकून झाला. त्याचा मुलगा शिक्षक, बँकेतील अधिकारी अथवा लेखापाल झाला. हात मात्र बदलला नाही. घरात दिवा लागेना की 'मिस्त्रीला बोलवा' म्हणावयाचे, आणि तो आला की त्याला ओसरीवर उभे ठेवावयाचे, ही रीत तशीच राहिली.

लेखणीचा हा आधार किती तकलादू आहे, हे गिरण्या बंद पडल्या तेव्हा उघड झाले. माधवराव शिंदे यांच्या प्रोत्साहनाने घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ मध्ये येथे जियाजीराव कॉटन मिल्सची स्थापना केली. तिच्याभोवती बिरलानगर वसले. गिरणीत मागावर आणि चात्यांवर काम करणारे होते, तसेच हजेरी मांडणारे, पगारपत्रके करणारे, गोदामाचा हिशेब ठेवणारेही होते. १९९२ मध्ये ही गिरणी बंद पडली. एका शहरातील हजारो घरांच्या चुली एकाच भोंग्यावर अवलंबून होत्या, आणि तो भोंगाच थांबला.

हे केवळ ग्वाल्हेरचे दुःख नव्हते. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतील कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली; तेथील कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटून २२४ कोटी रुपये देण्याचा दिवस उजाडला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मध्ये बत्तीस वर्षे गेली. ज्याने चाळिसाव्या वर्षी काम गमावले, त्याला आपल्या हक्काचा पैसा बहात्तराव्या वर्षी मिळावा, आणि तोही तो हयात असल्यास! हक्कासाठी लढलेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु लढणे आणि नुसते वाट पाहत बसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

सरकारनेही काही योजना आखल्या. १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना लागू झाली. कायमच्या बंद पडलेल्या पात्र गिरण्यांतील कामगाराला तिच्यानुसार पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य मिळावयाचे. या तीन आकड्यांकडे आम्ही शिक्षकाच्या दृष्टीने पाहतो, तेव्हा त्यांत एक वेळापत्रक दिसते: दोन वर्षे शिकावे, तिसऱ्या वर्षी उमेदवारी करावी आणि साहाय्य संपते त्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभे राहावे. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला, त्याच्या उद्दिष्टांत तर पुनर्प्रशिक्षण स्पष्टच लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा चुकत्या करण्यातच खर्च झाला. हाती आलेली रक्कम मुलीच्या लग्नात किंवा घराच्या छपरात गेली; शिकणे राहून गेले.

एका गृहस्थांची गोष्ट

आमच्या आळीत एक गृहस्थ राहत असत. एका कारखान्याच्या हजेरी विभागात त्यांनी वीस वर्षे काढली होती. अक्षर मोत्यासारखे, हिशेबात पैचा फरक नाही. १९९० नंतरच्या त्या वाईट दिवसांत कारखाना बंद झाला, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते; दोन मुले शाळेत, वृद्ध मातोश्री घरी. पहिली दोन वर्षे 'आज उघडेल, उद्या उघडेल' यात गेली. मग विम्याचे काम करून पाहिले, शिकवण्या करून पाहिल्या. विम्यासाठी ओळखीच्यांकडे जावे तर ते दार लावून घेत. शिकवण्यांना तरुण पदवीधरांची स्पर्धा होती. अखेरीस ते त्याच भागात काम करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या वायरमनच्या हाताखाली मदतनीस म्हणून जाऊ लागले.

आपल्या शहराची रीत अशी की, कोणत्याही विद्येतील गुरूला 'उस्ताद' म्हणावयाचे. हे गृहस्थ त्या मुलाला घराबाहेर 'बेटा' म्हणत आणि कामावर पाऊल ठेवताच 'उस्ताद' म्हणत. तो मुलगाही त्यांना 'बाबूजी' म्हणे. मात्र चूक झाली की बाबूजींची गय करीत नसे. पहिले सहा महिने त्यांनी शिडी वाहिली आणि ग्वाल्हेरी दगडाच्या भिंतींत छिन्नीने झिरी पाडल्या. हातांना फोड आले. नातलगांच्या जिभा सुटल्या. 'घराण्याचे नाव घालविले' असे एक मेहुणे भर पंगतीत म्हणाले. त्या वेळी त्यांच्या पत्नीने दिलेले उत्तर आमच्या मातोश्रींनी अनेकदा सांगितले आहे. त्या माउली म्हणाल्या, "भाऊजी, नाव घराण्याचं असतं, पण भूक ज्याची त्याची असते." या बाईंनी शिवणयंत्रावर ते घर तीन वर्षे चालविले. चाळिशीतील उमेदवारीचा खरा खर्च घरातील कोणीतरी दुसरेच भरत असते, आणि त्याची पावती बहुधा कोठेच फाटत नाही.

पुढे त्यांनी अभ्यास करून वायरमनच्या परवान्याची परीक्षा दिली; पहिल्या खेपेस अपयश आले, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. आमचे खरे कुतूहल मात्र त्यानंतरच्या गोष्टीविषयी आहे. त्यांनी हजेरीपटासारखी एक जाड बांधणीची वही केली. ज्या घराचे काम करीत, त्या घराचा साधा नकाशा तीत काढीत: नळी कोणत्या भिंतीतून, जमिनीपासून किती उंचीवर गेली, कोणत्या खोलीचा फ्यूज कोणता, तार किती जाडीची, अर्थिंगचा खड्डा अंगणात कोठे. दहा वर्षांनी त्याच घरात खिळा ठोकावयाचा झाला, तरी लोक त्यांना विचारीत. असे टिपण तरुण वायरमन ठेवीत नसत; त्यांची सगळी भिस्त स्मरणावर. ज्या कारकुनीची गरज उरली नाही म्हणून कारखान्याने त्यांना घरी बसविले, तीच कारकुनी नव्या धंद्यात त्यांचे वैशिष्ट्य ठरली. प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन शिकावयास येत नाही. जुन्या पाटीवरचे सगळेच पुसून टाकण्याचीही गरज नसते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. दुपारी घरात एकट्या असलेल्या गृहिणीला अनोळखी तरुण कारागिराला स्वयंपाकघरापर्यंत येऊ देणे अवघड वाटते. पिकल्या केसांचे, ओळखीचे काका आले की तो संकोच उरत नाही. हे भांडवल कोणत्याही बँकेत मिळत नाही. ते वयच देते.

विजेला वशिला चालत नाही

हा धंदा प्रौढांना साधण्याजोगा आहे, असे आम्ही म्हणतो ते त्याच्या पोटात गणित आहे म्हणून. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची. उपकरणाच्या वॉटला २३० ने भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, एक हजार वॉटची इस्त्री सुमारे ४.३. दोन्ही एकाच वेळी चालू केली की तेरा अँपिअर झाले. आणि हा भार दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेवर आला, तर ती तार भिंतीच्या आत निमूटपणे तापत राहते. पाचवीच्या मुलाला यावा असा हा भागाकार आहे. तरीही कितीतरी घरांत तो कोणी केलेलाच नसतो.

लष्करातील जुन्या वाड्यांत ही बाब विशेष जपण्याची आहे. लाकडी पट्टीवरून नेलेल्या जुन्या तारांचे रबरी वेष्टन वाळून तडकते. काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. हा धातू मऊ असल्याने स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि एके दिवशी बोर्डातून जळका वास येतो. दिवे आणि एखादा पंखा एवढ्यासाठी केलेल्या त्या जाळ्यावर आज फ्रीज, वातानुकूलन यंत्र, पाण्याचा पंप आणि ओव्हन यांचा भार पडला आहे. देवघरातील झीरोच्या दिव्याला लागतो त्याहूनही कमी प्रवाह माणसाचा प्राण घेऊ शकतो, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. म्हणूनच ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे सुरक्षा-उपकरण घरात असावे, आणि तिसरी, हिरवी तार खरोखरच जमिनीपर्यंत पोहोचलेली असावी. कित्येक घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते.

यास्तव 'बघून बघून शिकलो' एवढ्यावर या धंद्यात थांबता येत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील पंचेचाळिसावा नियम सांगत असे की, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडूनच करवून घ्यावे. २०१० आणि २०२३ च्या नियमावल्यांतही हेच तत्त्व कायम आहे. चाळिशीत नवे काम धरणाऱ्याला मिळकतीची घाई असते, त्यामुळे हात बसला की कागद कशाला, असे त्याला वाटू लागते. येथेच घात होतो. परवान्याची परीक्षा म्हणजे निव्वळ सरकारी अडवणूक नव्हे. काय येते, याबरोबरच काय येत नाही, हे ती माणसाला कळवते. आणि या धंद्यात ते न कळणे प्राणावर बेतते.

आमच्या त्या गृहस्थांचा एक नेम होता. काम सुरू करण्यापूर्वी ते मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवीत. 'बटन बंद आहे' या घरमालकाच्या शब्दावर त्यांनी कधी तारेला हात लावला नाही. एकदा जवळच्याच नात्यातील लग्नाच्या मांडवात, अर्थिंगवाचून जोडणी करून देण्यास त्यांनी नकार दिला. ते काम दुसऱ्याने केले आणि नातेही काही काळ दुरावले. अपघात झाला नाही. म्हणून काही जणांनी त्यांना हसून घेतले. परंतु अपघात झाला नाही म्हणजे ते काम बरोबर होते, असे आम्हांस वाटत नाही.

वयाच्या अडचणी

या वयात शिकणे सोपे आहे, असा भ्रम आम्हांस कोणाच्याही मनात निर्माण करावयाचा नाही. शिडीवर गुडघे बोलू लागतात. जवळचे बारीक स्क्रू चष्म्याशिवाय दिसत नाहीत. तेव्हा 'चाळिशी' खिशात ठेवूनच टेस्टर हाती घ्यावा, हे बरे. उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या गच्चीवर काम करणे तरुणालाही जड जाते. रंगांची ओळख तपासून घेणे तर अत्यावश्यक; कारण फेजची लाल, न्यूट्रलची काळी आणि अर्थची हिरवी ही भाषा डोळ्यांनीच वाचावयाची असते.

रंगांचा विषय निघाला म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण होते. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे रंगांधत्व आड आले, तेव्हा ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्याचे अध्यापक झाले. योग्यता असूनही बढती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी ती नोकरीही सोडली आणि बेळगावी सायकलींच्या दुकानात हात काळे केले. तेथूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अध्यापकाची खुर्ची सोडून कारागिराच्या बाकावर बसणारा हा पुरुष मराठीच होता. ज्यांच्यामुळे आज घरोघरी वीज आहे ते मायकेल फॅरडे मूळचे पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. आणि विद्युत्‌प्रवर्तनाचा शोध त्यांना १८३१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर लागला. असे पुरुष विरळा, हे खरे. परंतु त्यांची चरित्रे मुलांच्या हाती देताना, त्यांतील हाताने केलेल्या कामाची पाने आपण गाळू नयेत, इतकेच आमचे म्हणणे.

आजची परिस्थिती पूर्वीहून काही अंशी अनुकूल आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. तीत विद्युत्कारागिराचा, म्हणजेच इलेक्ट्रिशियनचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण ही त्याची पात्रता आहे. ज्यांचा हात आधीच बसलेला आहे, त्यांच्या पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत झाली. सौर पटले बसविणाऱ्यांसाठी २०१५ पासून 'सूर्यमित्र' हे ६०० तासांचे प्रशिक्षण सुरू झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज नेण्याची योजना जाहीर झाली, त्यामुळे या कामाला मागणीही आहे. सिंगापूर सरकारने तर १ मे २०२४ पासून चाळीस आणि त्यापुढील वयाच्या नागरिकांच्या नावे पुन्हा शिकण्यासाठी ४,००० सिंगापूर डॉलरची रक्कम मांडली. चाळिशी हे शिक्षण संपण्याचे वय नसून दुसऱ्यांदा आरंभण्याचे आहे, हे एका राष्ट्राने आपल्या अर्थसंकल्पात लिहिले. आपण ते निदान आपल्या मनात तरी लिहावयास हवे.

घराने काय करावे

आम्ही शाळेत मुख्याध्यापक आहोत. पालकांच्या सभेत 'आपण काय करता?' या प्रश्नावर मान खाली घालणारे वडील आम्हांस दरवर्षी भेटतात. कोणाची कंपनी बंद झालेली असते, कोणाचे दुकान. अशा घरांना आमचे दोनतीन शब्दांचे सांगणे आहे. वाट पाहण्याची मुदत ठरवून घ्या. सहा महिने म्हटले की सहाच. शिकण्याच्या काळातील घरखर्चाचा हिशेब पतिपत्नींनी एकत्र बसून मांडा, म्हणजे एकट्या गृहिणीवर त्याचा मुका भार पडणार नाही. आणि मुलांपासून काही लपवू नका. वडील रात्री पुस्तक घेऊन बसलेले पाहणे, हा मुलाला मिळणारा अभ्यासाचा सर्वोत्तम धडा होय. आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात याहून परिणामकारक धडा आम्हांस सापडलेला नाही.

आणि ज्यांच्या घरी असा कारागीर कामासाठी येईल, त्यांच्यासाठीही एक शब्द. त्याला ओसरीवर उभे ठेवू नये. बसावयास पाट किंवा खुर्ची द्यावी, चहा आपल्याच कपात द्यावा, परवाना अवश्य विचारावा आणि मजुरी घासाघीस न करता चुकती करावी. बारा बलुतेदारांवाचून गाव चालत नसे, असे आपले पूर्वज मानीत. त्या गावगाड्यात विजेचा कारागीर नव्हता. आजच्या वस्तीत त्याच्यावाचून संध्याकाळ होत नाही. तो आपल्याच घरातील कोणी निघाला, तर त्यात घराण्याचे नाव जात नाही. उमेद ज्या घरात आहे, त्या घरात उमेदवार कोणत्याही वयाचा असू शकतो.